उष्टा टॉवेल

हलकेदादाची सकाळ कंगव्यापासून सुरू होई, आणि तीही अंथरुणात, डोळे मिटूनच. उशाशी एक जुना कंगवा ठेवलेला असे; अर्धा जाड दातांचा, अर्धा बारीक. उजव्या हाताचा अंगठा तो त्या दातांवरून फिरवी. जाड दात संपून बारीक कुठे सुरू होतात ती जागा अंगठ्यानं बिनचूक सांगितली, की देवाचं नाव घ्यायचं आणि मग डोळे उघडायचे. आधी उजवा डोळा झाकून डाव्यानं छताचा पंखा बघायचा, मग डावा झाकून उजव्यानं. पाती स्वच्छ दिसली म्हणजे डोळेही कामावर आले. पायांना मात्र तो काही विचारत नसे. ते आपलं उत्तर जमिनीला टेकल्यावर देत, आणि डावा ते कुरकुरतच देई.

"झाली का हजेरी?" बायको स्वयंपाकघरातून विचारी. ती बालवाडीत शिकवायची, त्यामुळे घरातही तिचा वर्ग सुटलेला नसे.

"सगळे हजर. डावा पाय उशिरा आला."

"त्याला कोपऱ्यात उभं करा."

"उभा राहतोय कुठे तो."

रोजचंच हे पालुपद. ते म्हटल्याशिवाय दोघांचाही चहा गोड होत नसे.

हलकेदादा हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. सलून नवंनवं उघडलं तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाचा दाढी करता करता डोळा लागला होता. जागं झाल्यावर गालावरून हात फिरवत ते गिऱ्हाईक म्हणालं, "हात आहे का पीस रे? वस्तरा फिरला कधी?" तेव्हापासून हलका हात, आणि हलक्या हाताचा हलकेदादा. पुढे पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा तिच्यावरही 'हलका हात' एवढंच लिहिलं. ते पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पोस्टमास्तर. आता ते निवृत्त होते, घरात एकटे होते, जीभ मात्र अजून नोकरीत होती. एक दिवसाआड दाढीला यायचा त्यांचा नेम कधी चुकला नाही.

आजाराची सुरुवात डोळ्यानं केली. एका गिऱ्हाइकाच्या मिशीची एक बाजू दादाला फिकी दिसायला लागली. आरसा मळला असेल म्हणून त्यानं आरसा पुसला, पुन्हा पुसला, ओल्या कागदानं घासला. शेवटी गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, आता एकदा माझं तोंड पुसून बघा." डोळा यथावकाश सुधारला. मग डाव्या हाताला लोकरीचा मोजा घातल्यासारखं झालं, आणि तो मोजा काही उतरला नाही. तपासण्या झाल्या, बोगद्यासारख्या यंत्रात डोकं घालून झालं, कण्यातलं पाणी काढून झालं, आणि डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस.

"हे तर शाम्पूचं नाव वाटतं," मेव्हणा म्हणाला. हा बायकोचा धाकटा भाऊ; सलूनमधली दुसरी खुर्ची त्याची. तरण्या पोरांचे नव्या तऱ्हेचे केस कापण्यात तरबेज, आणि तोंड कात्रीच्या दोन पावलं पुढे.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. शरीराचे राखणदारच घरच्या तारांवर उठतात, तारांवरचं वेष्टण कुरतडतात, आणि निरोप अर्ध्या वाटेत अडकतो. दादाला ते लगेच कळलं. केस कापायच्या मशीनची वायर अशीच मुळाशी पिचते. मग मशीन कधी चालतं, कधी नुसतं गुरगुरतं, कधी हातात घेतलं की बंद आणि खाली ठेवलं की सुरू.

"वायर बदलता येते, बाई."

"ही नाही येत. जास्त पिचू नये म्हणून इंजेक्शनं आहेत. पिचलेलं काही भरून येईल, काही नाही. कुठलं, ते आधी नाही सांगता येत."

"म्हणजे ते वरच्याच्या हातात," दादा म्हणाला, आणि त्याला तेवढ्यानं बरंही वाटलं. सगळंच आपल्या हातात असतं तर माणसानं कुठे कुठे बघायचं?

माणूस सरावतो. आजार वस्तीला आल्यावर त्याच्या खाणाखुणा पाहुण्यासारख्या ओळखीच्या होतात. याला ऊब सोसत नाही, हे पहिल्या उन्हाळ्यातच कळलं. ऊन पाण्यानं अंघोळ केली की पाय मेणाचे होत, म्हणून दादा बारा महिने थंड पाण्यानं अंघोळ करी. गिऱ्हाइकाची हनुवटी बघायला मान खाली घातली की पाठीतून सरसर करंट उतरे. म्हणून त्यानं खुर्ची उंच करून घेतली, स्वतःसाठी चाकांचं स्टूल आणलं, आणि मान न वाकवता दाढी करायला शिकला. थकवा यायचा तो झोपेसारखा पेंगत यायचा नाही, दिवे गेल्यासारखा यायचा. मग आतल्या बाकावर पडायचं, दिवे यायची वाट बघायची. शेजारच्या फोटो-फ्रेमवाल्याच्या दुकानामागे शौचालय होतं, त्याची एक किल्ली दादाच्या खिशात असे, कारण लघवीची हाकही आता आगाऊ सूचना न देता येई.

हे सगळं घरात ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना नाही. त्यांना 'गुडघा' एवढंच सांगितलेलं. दुकानात गुडघ्याचं आख्यान लागलं की मेव्हणा मागून री ओढायचा, "वंगण संपलंय हो त्यातलं." एकदा दादाचा तोल गेलेला पाहून एका नव्या गिऱ्हाइकानं त्याच्या तोंडाचा वाससुद्धा घेतला होता. दादानं तेही गिळलं. दारुडा म्हटलं तरी चालेल. पण वस्तरा धरणाऱ्याच्या हातात आजार आहे हे कळल्यावर गळा पुढे कोण करील?

आजाराचं नाव कळलं त्याच संध्याकाळी त्यानं बायकोला आपण होऊन शब्द दिला होता. "ज्या दिवशी माझ्या हातून गिऱ्हाइकाला इजा होईल, त्या दिवशी मी खुर्ची सोडीन. काउंटरवर बसेन. तुला सांगावं लागणार नाही." म्हणून ती कंगव्याची हजेरी. उजवा हात शाबूत आहे ना, हे तो डोळ्यांत तेल घालून बघत होता. फक्त बघत होता एकीकडे, आणि आजार आला दुसरीकडून.

झालं असं. एके दिवशी सकाळी बायको चुलीपासून वळते न वळते तोच दादानं उकळत्या पातेल्यावरचं झाकण हातानं उचलून बाजूला ठेवलं. चिमटा नाही, फडकं नाही.

"अहो, भाजलं असेल."

"छे. गरम टॉवेल पिळून पिळून हात सरावलेत आमचे. आमच्या धंद्यात कुणाला चटका बसत नाही."

ही गोष्ट खरीच होती. त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, तो आपल्या हातांची हीच फुशारकी सांगेल. दुसऱ्या कुणी ते झाकण तसं उचललं असतं तर त्याचा त्यालाच संशय आला असता. दादाला आला अभिमान. बायकोनं त्याचा हात उलटसुलट करून पाहिला, पण तिलाही शाळेची घाई होती.

टॉवेल पिळायचं काम एरवी मेव्हण्याकडे असे. त्यात डाव्या हाताची फार ताकद जाई, म्हणून दादानं ते कधीच सोडून दिलं होतं. पण त्या दिवशी मेव्हणा स्वतःच्या बायकोला तिच्या माहेरी पोचवायला गेला होता, आणि पोस्टमास्तरांचा दाढीचा दिवस होता.

पोस्टमास्तर खुर्चीत रेलून बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "तुझा मेव्हणा नाही वाटतं आज. कान कसे शांत झाले बघ."

"माहेरी गेलाय."

"तो?"

"बायकोच्या. तिला पोचवायला."

"परत आणणार आहे ना? मग फुकट फेरा."

दादा हसला, आतल्या शेगडीपाशी गेला. पातेल्यातून वाफा येत होत्या. त्यानं उजव्या हाताची बोटं पाण्यात घातली. पाणी ओलं लागलं, बाकी काही लागलं नाही. कोमट दिसतंय, तो मनाशी म्हणाला. शेगडी आपणच बारीक ठेवली असणार. त्यानं गॅस मोठा केला, थोडा थांबला, टॉवेल बुडवला. नळाच्या तोटीला गुंडाळून एका हातानं पिळायची त्यानं एक युक्ती काढली होती, तसा तो पिळला. हवेत एकदा झटकला आणि नेहमीच्या सफाईनं पोस्टमास्तरांच्या तोंडावर ठेवून दोन्ही गालांवर दाबला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पोस्टमास्तरांनी टॉवेल ओढून फेकला आणि ते उभे राहिले.

"हलक्या," ते एवढंच म्हणाले.

त्यांचं नाक आणि दोन्ही गाल लाल झाले होते. उजव्या गालाच्या उंचवट्यावरची कातडी बघता बघता सुटत होती. दादानं थंड पाण्याचा तांब्या आणला, त्यांच्या तोंडावर धार धरली, एक संपल्यावर दुसरा. शेजारचा फ्रेमवाला धावत आला. त्याच्या गाडीवर मागे बसता बसता पोस्टमास्तरांनी दादाकडे बोट केलं.

"माझं राहू दे. स्वतःचा हात बघ."

दादानं बघितलं. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत हात आपला नव्हेच असा लालबुंद झाला होता. बोटांवर फोड धरत होते. आणि दुखत काहीच नव्हतं. त्यानं खिशातला कंगवा काढून अंगठा फिरवला. जाड, जाड, मग बारीक. सगळं बरोबर कळत होतं. तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ कंगव्याकडे बघत राहिला, जणू खोटं त्यानं सांगितलं होतं.

संध्याकाळी बायकोनं दुकानात येऊन हाताला मलम लावलं. मेव्हणा परतला होता, आणि आश्चर्य म्हणजे गप्प होता.

"मी काय म्हणतो, भाऊजी," शेवटी तो म्हणालाच, "काउंटरवर बसा आता. दुकान तुमचंच आहे. मी दोन्ही खुर्च्या बघतो. आज गाल भाजला, उद्या..."

"उद्याचं पुरे," बायको त्याला म्हणाली.

"नाही, बरोबर बोलतोय तो," दादा म्हणाला. "मी शब्द दिलाय. उद्यापासून काउंटर."

त्यानं वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर शेवटचा परजला, पुसला आणि फडक्यात गुंडाळून खणात ठेवला. पट्ट्यावर वस्तरा फिरवताना प्रत्येक हेलकाव्याला एक, असं देवाचं नाव घ्यायची त्याची सवय. त्या दिवशी हात फिरला, नाव काही ओठावर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन काचेच्या नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, दुसरीत बर्फाचं, आणि त्या आळीपाळीनं त्याच्या हाताला लावल्या. त्याला दोन्ही सारख्याच लागल्या.

"स्पर्शाचा रस्ता वेगळा, ऊन-गार आणि दुखणं कळण्याचा रस्ता वेगळा," त्या म्हणाल्या. "पहिला चालू आहे, दुसरा बंद पडलाय. नवा झटका आहे. औषध देते, पण फोड सुकेपर्यंत हाताला जपा."

"म्हणजे वस्तरा माझ्या हाताला कळतो?"

"कळतो. तुम्ही तपासत होता ते बरोबरच होतं. अपुरं होतं, इतकंच."

घरी येताना तो अपुरं हाच शब्द घोळवत होता. बोलायला सोपा शब्द. पण तो ज्याच्या गालावर उठलाय त्याला कसा सांगायचा?

काउंटरवरचे दिवस गेले तसे गेले. समोर आरसा नाही, रस्ता. मागून मेव्हण्याच्या वस्तऱ्याचा आवाज ऐकू येई आणि दादाच्या पाठीवर काटा येई. मेव्हणा वाईट नव्हता, घाईचा होता. गालाच्या वळणावर तो हात उचलायचा आणि पुन्हा टेकवायचा. तिथं उचलायचा नसतो, वळवायचा असतो. एकदोनदा दादा वळून बघे. "भाऊजी, मान वळवू नका, करंट येईल," मेव्हणा म्हणे. चांगल्या मनानंच म्हणे. त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नसे. उलट या दिवसांत दादाला आराम होता, पाय ओढावे लागत नव्हते, आतल्या बाकावर पडायची वेळ येत नव्हती. शरीर सुखात होतं. माणूस तेवढा सुकत चालला होता.

दाढीचा दिवस आला आणि गेला, पोस्टमास्तर आले नाहीत. पुढचाही गेला. हाताचे फोड सुकले तसा दादा काठी घेऊन त्यांच्या घरी गेला.

पोस्टमास्तरांनी दार उघडलं. गालावर गुलाबी, नव्या कातडीचा डाग, आणि त्याच्या भोवती पांढरी दाढी कशीबशी वाढलेली.

"ये. तुझ्यामुळे साधू झालोय," ते म्हणाले. "बस. चहा टाकलाय."

दादा बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. गुडघा खोटा, आजार खरा. त्याचं नाव, तारांची गोष्ट, सकाळचा कंगवा, डॉक्टरीणबाईंच्या नळ्या. सांगून झाल्यावर म्हणाला, "तुम्हाला भाजलं ते एक. पण मी तुम्हाला इतकी वर्षं काही सांगितलं नाही, हे दुसरं. माफी दोन्हींची मागायला आलोय."

पोस्टमास्तरांनी चहा उतरवून दोन पेल्यांत गाळला. मग म्हणाले, "टॉवेल तोंडापाशी आला तेव्हाच वाफ लागली होती मला. वाटलं, हा गरम आहे. पण म्हटलं, हलक्याचा हात आहे. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि गप्प बसलो."

दादानं मान खाली घातली. करंट सरसरत कमरेपर्यंत गेला.

"तू आधी सांगितलं असतंस, तर मी तेव्हाच ओरडलो असतो. माझा गाल वाचला असता आणि तुझी इभ्रतही. तू तोंड मिटलंस, म्हणून मी मिटलं. कळलं का, भाजलं कशानं?"

"कळलं."

"मग बस आता. उभं राहून तुझा तो कोपऱ्यातला पाय थकला असेल."

"तुम्हाला कोण म्हणालं कोपऱ्यातला?"

"तुझी बायको. भाजल्यापासून रोज शाळेतून येताना बघून जाते मला. तुझ्यासारखी घुमी नाही ती. पण आजाराचं तिनं काही सांगितलं नाही हो. म्हणाली, ते त्यांचं त्यांना सांगू दे."

दादा खुर्चीवर बसला. पोस्टमास्तरांनी त्याच्यापुढे चहाचा पेला सरकवला. दादानं उजव्या हातानं तो अख्खा मुठीत उचलला.

"अरे, गरम आहे तो," पोस्टमास्तर म्हणाले. "बघ, आज बोललो."

पेला तोंडाजवळ येताच दादाच्या वरच्या ओठाला धग लागली. तो थांबला. त्यानं पेला ओठापासून गालाकडे नेला. गालाला चटका बसला, चांगला सणसणीत. त्यानं पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, दुसऱ्या गालाला लावला.

"काय रे, चहा पितोयस का शेकतोयस?"

"गालाला कळतंय, पोस्टमास्तर."

"मग?"

"हाताची वायर गेलीय. तोंडाची शाबूत आहे."

पोस्टमास्तरांनी आपल्या वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. "हे बघ, मी तुझ्या त्या मेव्हण्याकडून दाढी करून घेणार नाही. तो प्रत्येक हाताला एक विनोद सांगतो आणि हसायला लावतो. गळ्याशी वस्तरा असताना माणसानं हसायचं कसं? तू कधी बसतोयस खुर्चीपाशी?"

"बसता येत नाही. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"बायकोला."

"मग माझ्याशी काय बोलतोस? आयुष्यभर टपाल वाटलं मी. पत्र ज्याच्या नावाचं, ठेवायचं का परत करायचं ते त्यानं ठरवायचं. तिला विचार."

त्यानं विचारलं. बायको बालवाडीसाठी रंगीत कागदाचे मासे कापत बसली होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिची कात्री थांबली नाही.

"शब्द मला दिला होता ना?" ती म्हणाली. "मग घ्या, परत करते. पण फुकट नाही. त्याच्या बदल्यात दुसरा द्या."

"कसला?"

"खुर्चीत बसेल त्या प्रत्येकाला आधी सांगायचं. काय झालंय ते, आणि हाताला काय कळतं, काय नाही ते. पटलं तर बसेल, नाहीतर उठेल. उठला तर तोंड पाडून घरी यायचं नाही."

हा शब्द पहिल्यापेक्षा जड होता. पहिला मोडेपर्यंत पाळायचा होता, हा रोज पाळायचा. दादानं विचार करायला वेळ घेतला. शेवटी म्हणाला, "दिला."

"आणि हजेरीत एक विद्यार्थी वाढला," ती म्हणाली, उठली, दोन चमचे घेऊन आली. "डोळे मिटा. पोरांना हा खेळ फार आवडतो. सांगा, ऊन कुठला आणि गार कुठला?"

"दोन्ही सारखे."

"आता?"

"आता गालाला लावलेस. हा ऊन. अगं, फार ऊन."

"शहाणा मुलगा," ती म्हणाली, आणि रडू नये म्हणून मासे कापायला बसली.

पहिल्या दिवशी दादाच्या खुर्चीत एक अनोळखी माणूस येऊन बसला. दादानं अंगावर कापड टाकायच्या आधी ठरवल्याप्रमाणे सांगितलं. सांगताना जीभ अडखळली. आख्यान गुडघ्याचं पाठ होतं, हे नवं होतं. माणसानं सगळं ऐकलं, आरशात दादाच्या हाताकडे बघितलं, आणि अवघडून म्हणाला, "मला जरा घाई आहे." तो उठून मेव्हण्याच्या खुर्चीच्या रांगेत जाऊन बसला, जिथं त्याच्या आधी दोघं होते.

मेव्हण्यानं आरशातून दादाकडे बघितलं. त्याच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, ते त्यानं गिळलं. आणि त्या माणसाला म्हणाला, "थांबावं लागेल हो. माझा हात जलद आहे, हलका नाही. हलका हवा तर तिकडेच आहे." भाऊजींनी काउंटरवर बसावं असं सांगणारा हाच तो. दादानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पट्ट्यावर वस्तरा परजायला घेतला. माणूस काही उठला नाही. नंतर आलेल्यांपैकी एक बसला, एक नाही. बसला तो कुतूहलानं आजाराबद्दल इतकं विचारत राहिला की दाढीपेक्षा बोलण्यानंच दादा दमला, आणि दुपारचे दिवे गेले तेव्हा बाकावर पडून राहिला.

तो उठतोय तोवर पोस्टमास्तर येऊन खुर्चीत बसलेलेही होते.

"सांग," ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक आहे सगळं."

"शब्द प्रत्येकाला सांगायचा दिलायस ना? मग सांग. मी काय प्रत्येकात नाही?"

दादानं सांगितलं. या वेळी जीभ अडखळली नाही. मग तो शेगडीपाशी गेला. मेव्हणा टॉवेल पिळायला पुढे झाला, दादानं त्याला मानेनं नको म्हटलं. हात पाण्यात घातला नाही, चिमट्यानं टॉवेल उचलला, तोटीला गुंडाळून पिळला, झटकला. खुर्चीमागे येऊन त्यानं तो पसरला आणि पोस्टमास्तरांच्या तोंडावर ठेवण्याआधी स्वतःच्या गालाला लावला.

आरशातून पोस्टमास्तर बघत होते. "म्हणजे आता आम्ही तुझा उष्टा टॉवेल घ्यायचा."

"दुसरा आणतो. हा फक्त बघायला."

"राहू दे. देवाला उष्टं चाललं, मी कोण मोठा लागून गेलो?"

मेव्हण्याची कात्री थांबली. दादानं टॉवेल दुसऱ्या गालाला लावला. गालाला धग लागत होती. तिच्यामागे डोळ्यांतूनही काहीतरी ऊन उतरत होतं, ते त्यानं टॉवेलानंच टिपून घेतलं.

"कसा आहे?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"अजून गरम आहे."

"मग थांब."

"थांबतो."

पोस्टमास्तर रेलले, पण डोळे त्यांनी मिटले नाहीत. दादा चाकांच्या स्टुलावर बसला, डावा पाय सरळ केला, आणि टॉवेल गालाशी धरून दोघं तो निवण्याची वाट बघत राहिले.